खाट, कपाट आणि खारा वारा

पुण्यात किंवा ठाण्यात फर्निचरचं आयुष्य वर्षांत मोजतात, दिवेआगरात ते पावसाळ्यांत मोजावं लागतं. रायगडच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि भिंतीला ओल धरते ती दसऱ्यापर्यंत सुटत नाही. उरलेले आठ महिने समुद्रावरून येणारा खारा वारा लोखंडाचा पिच्छा पुरवतो. त्यामुळे छोट्या घरासाठी परवडणारं फर्निचर कोणतं, याचं उत्तर दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीवर मिळत नाही. समजा, आठ हजारांचं तयार कपाट तिसऱ्या पावसाळ्यात तळाशी फुगलं आणि चौथ्यात त्याचं दार निखळलं. ते दर पावसाळी दोन हजारांना पडलं. वीस हजारांचं कपाट वीस पावसाळे उभं राहिलं तर ते हजाराला पडलं. हा हिशेब अगदी साधा आहे, पण फर्निचर घ्यायला निघालेली माणसं तो क्वचितच करतात, कारण आठ हजार हातात असतात आणि वीस नसतात. ही अडचण खरी आहे, आणि तिच्यावरचे उपाय शोधणं हेच या आढाव्याचं काम.

आधी जागा किती ते पाहू. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागातल्या घरकुलाचं किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसकट २५ चौरस मीटर ठरलेलं आहे, म्हणजे २६९ चौरस फूट. त्यात पाच बाय साडेसहाचा डबल बेड ठेवला आणि एका बाजूने व पायथ्याशी चालायला दोन-दोन फूट सोडले, की साठ चौरस फूट गेले. चार माणसांच्या जेवणाच्या टेबलाला खुर्च्या मागे ओढण्यापुरती जागा धरून सहा बाय सहा लागतात. तिघांचा सोफा, त्याच्या पुढचा टीपॉय आणि पाय सोडायची जागा मिळून आणखी तेवढेच. तीन वस्तूंत जवळजवळ अर्धं घर संपलं, आणि अजून कपाट, शिलाई मशीन, मुलांचं दप्तर, तांदळाचं पिंप यांतलं काहीच आलेलं नाही. दुकानात दोन हजार चौरस फुटांच्या दालनात मांडलेला ‘सेट’ बघून जो निर्णय घेतला जातो, तो घरात टेम्पो रिकामा होईपर्यंतच टिकतो. म्हणून जमिनीवर खडूने आखून बघणं हा पहिला आणि फुकटचा उपाय. वस्तूची जागा आखायची आणि घरातल्या सगळ्यांनी एक दिवस ती रेघ न ओलांडता वावरायचं.

दिवेआगरात हे घर तीन प्रकारच्या माणसांचं असतं. एक, बारा महिने गावात राहणारं कुटुंब, ज्याची नारळ-पोफळीची वाडी भावाभावांत वाटली गेली आहे आणि वाट्याला दोन खोल्या आल्या आहेत. दोन, पर्यटकांना खोल्या देणारा घरमालक. १९९७ साली इथल्या एका वाडीत सुवर्णगणेशाची मूर्ती सापडली आणि गावाकडे पर्यटकांचा ओघ सुरू झाला. मूर्ती २०१२ मध्ये चोरीला गेली तरी समुद्रकिनारा होता तिथेच राहिला आणि खोल्या वाढत गेल्या. तीन, मुंबईला नोकरी करणारा आणि गणपती, शिमगा, मे महिना एवढ्यापुरतं कुलूप उघडणारा. तिघांचं बजेट सारखं असलं तरी फर्निचर सारखं असून चालत नाही. सगळ्यांत लवकर कुजतं ते तिसऱ्याचं, कारण बंद घरात हवा खेळत नाही. पूर्वी घरात चूल पेटायची आणि तिचा धूर आढ्यापर्यंतच्या बांबू-लाकडाला कीड लागू द्यायचा नाही. आता चूल गेली आणि जुलै-ऑगस्टमध्ये माणूसही नसतो. अशा घरात कपाटाचं दार बंद ठेवून जाणं म्हणजे बुरशीला आमंत्रणच.

जुन्या कोकणी घरात फर्निचर असं फारसं नव्हतंच. ओटीवर झोपाळा, माजघराच्या भिंतीत फडताळ आणि दिव्यापुरते कोनाडे, कपड्यांना खुंट्या आणि दांडी, स्वयंपाकघरात मांडणी, मांजराच्या आवाक्याबाहेर शिंकाळं, जेवायला पाट, रात्री गाद्या पसरायच्या आणि सकाळी रचून ठेवायच्या. खाट असली तर आजोबांची, काथ्याच्या सुंभाने विणलेली. यात एक शहाणपण होतं: जमीन मोकळी ठेवायची, सामान भिंतीला आणि आढ्याला द्यायचं, आणि एकाच खोलीकडून दिवसातून चार कामं करून घ्यायची. पण या व्यवस्थेचं कौतुक करताना हेही सांगितलं पाहिजे की ती बायकांच्या कमरेवर आणि म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांवर उभी होती. खाली बसून चिरणं, खाली बसून वाढणं आणि रोज दहा गाद्या उचलणं ज्यांनी केलं, त्यांनीच हातात पैसे आल्यावर पहिल्यांदा ओटा आणि पलंग मागितला. ते बरोबरच होतं. त्या घरातून आज उचलायचं ते भिंत वापरण्याचं तंत्र. बसण्या-झोपण्याची उंची आजचीच हवी.

भिंतीच्या बाबतीत या किनाऱ्याला एक सोय आपसूक मिळालेली आहे. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत साधारण नऊ इंच जाड असते. घर बांधतानाच आतल्या अंगाने कोनाडे सोडले तर पुस्तकांना, डब्यांना, देवाला जागा होते आणि त्यासाठी सुतार लागत नाही, गवंडीच ते काम करतो. त्यात कडप्प्याचे फळे बसवले की झालं. कडप्पा फुगत नाही, गंजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, आणि फरशीच्या दुकानात तो चौरस फुटावर मिळतो. ओट्याखालची मांडणी, भिंतीतलं फडताळ, इतकंच काय, खिडकीखालचा बसायचा कट्टासुद्धा असा करता येतो. केरळात लॉरी बेकर यांनी विटांच्या भिंतीतूनच बाकं आणि ओटे काढून कमी खर्चाच्या घरांत लाकडी फर्निचरची गरज घटवली होती, त्याच जातीचा हा विचार. माझ्या मते दर पावसाळी पडणाऱ्या किमतीत कडप्प्याला हरवणारं काहीच नाही. अडचण एवढीच की हा निर्णय घर बांधताना घ्यावा लागतो आणि तेव्हा लोकांचं लक्ष बाहेरच्या रंगाकडे असतं. तयार घरात फळे टांगायचे तर जांभ्यात साधा प्लग ढिला पडतो. लांब फास्टनर वापरावे किंवा भोक सिमेंटने भरून त्यात पकड बसवावी, नाहीतर पुस्तकांसकट फळा खाली येतो.

आता बाजार. तयार स्वस्त फर्निचरच्या वर्णनात हमखास आढळणारा शब्द म्हणजे ‘इंजिनिअर्ड वुड’. या एका नावाखाली तीन अगदी वेगळे पदार्थ विकले जातात. पहिला पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे आणि भुसा गोंदात कालवून दाबलेला. दुसरा एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू वेगळे करून दाबलेला, गुळगुळीत आणि जड. तिसरा प्लायवुड, म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांशी काटकोनात चिकटवलेले. पहिल्या दोघांत सहसा यूरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो आणि ओल व उष्णता एकत्र आली की तोच गोंद हळूहळू सुटतो. वरून चकचकीत कागद किंवा सनमायका असल्याने पाणी वरून शिरत नाही. ते शिरतं कडेने, स्क्रूच्या भोकांतून आणि तळातून. एकदा फुगलेला बोर्ड वाळला तरी मूळ जाडीवर येत नाही. शिवाय त्यातला स्क्रू एकदा काढला की पुन्हा तितका घट्ट बसत नाही, म्हणून भाड्याच्या घरातून दोनदा हललेलं कपाट तिसऱ्यांदा जोडताना डुलायला लागतं. कोरड्या हवेत, तिसऱ्या मजल्यावर, हा माल वाईट नाही. दिवेआगरच्या तळमजल्यावर, कोबा किंवा फरशीला टेकून ठेवला तर मात्र त्याला दोन-तीन पावसाळ्यांहून जास्त देऊ नयेत.

दुकानदाराला विचारायचा प्रश्न ‘लाकूड कोणतं?’ हा नाही, कारण त्यावर ‘एकदम मजबूत’ असं उत्तर येतं. ‘कडेची पट्टी काढून दाखवा’ असं म्हणावं. कापलेली कड बघितली की भुसा, तंतू आणि पापुद्रे यांतला फरक लहान मुलालाही कळतो.

प्लायवुडमध्येही प्रतवारी आहे. साध्या वापराच्या प्लायला आयएस ३०३ हे मानक लागू होतं आणि त्यात फक्त दमटपणा सोसणारी व उकळतं पाणी सोसणारी अशा दोन जाती येतात. मरीन प्लायचं मानक आयएस ७१०, ज्याच्या चिकटपणाची परीक्षा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून घेतात. किनाऱ्यावर ओट्याखाली आणि न्हाणीघराजवळ मरीन, इतरत्र उकळतं पाणी सोसणारी प्लाय, असा साधा नियम ठेवावा. शिक्का मात्र तपासावा. पाटीवरच्या आयएसआय चिन्हाखाली ‘सीएम/एल’ ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे का ते दिसतं. आठ बाय चारच्या एका पाटीतून ३२ चौरस फूट मिळतात. दोन दारांचं, साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद कपाट करायला पाठ पातळ प्लायची धरली तरी अडीच ते तीन पाट्या जातात. सुताराने पाच सांगितल्या तर कागदावर कापणी मांडून मागावी. चांगला सुतार न रागावता मांडून देतो.

गेल्या काही वर्षांत पीव्हीसी फोमचे बोर्ड स्वयंपाकघरात फार आले. पाणी आणि वाळवी या दोन्ही शत्रूंपुढे ते नमत नाहीत, पण लांब फळा मध्ये वाकतो आणि बिजागरीचा स्क्रू सुटतो. दोन फुटांपेक्षा लांब फळा न ठेवता, खाली आधार देऊन वापरले तर ओट्याखालच्या दारांना ते उत्तम. पलंगाला नाही.

खऱ्या लाकडाकडे वळू, कारण इथे दिवेआगरकराच्या हातात मुंबईकराकडे नसलेली एक गोष्ट आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या, आंबे-फणस मुळासकट उपटले गेले. उत्पन्न देणारी पिढ्यांची झाडं गेली, ती हानी भरून निघणारी नाही. पण अशा पडलेल्या झाडातला फणसाचा गाभा हा फर्निचरसाठी सागाच्या खालोखाल चांगला माल आहे, हे कोकणातले सुतार पूर्वीपासून जाणतात. फणसाला वाळवी सहज लागत नाही, कोवळा पिवळा रंग वर्षागणिक तांबूस-तपकिरी होत जातो, आणि देव्हाऱ्यापासून चौकटीपर्यंत त्याचा वापर जुन्या घरांत दिसतो. शिवण हलकं आणि स्थिर, खणांसाठी योग्य. आंब्याला भुंगा लवकर लागतो, ते औषध लावल्याशिवाय वापरू नये. पोफळीच्या खोडाच्या रिपा बाकाला आणि वाडीतल्या पन्हळीला चालतात. नारळाच्या खोडाचा बाहेरचा भाग टणक असतो, आतला भुसभुशीत. केरळ आणि फिलिपाइन्समध्ये त्या बाहेरच्या लाकडाचं रीतसर फर्निचर होतं, आपल्याकडे ते बहुतेक जळणात किंवा साकवावर जातं. हे बदलायला हरकत नाही, फक्त त्यासाठी करवतीचं पातं चांगलं लागतं आणि ते पटकन बोथट होतं.

वाडीतलं झाड आपलं म्हणून उद्या कुऱ्हाड घालता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ च्या यादीत साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ ही झाडं आहेत. ती तोडायला परवानगी लागते आणि लाकूड वाहून न्यायला पासही लागू शकतो. पडलेल्या झाडाचीही आधी नोंद करून घ्यावी. शिवाय कापल्याबरोबर लाकूड वापरायचं नसतं. फळ्या काढून, मध्ये पट्ट्या ठेवून, सावलीत, हवा खेळेल अशा रचून त्यांना एक उन्हाळा तरी द्यावा. ओल्या फणसाचा पलंग पहिल्याच डिसेंबरात सांध्यांना तडे देतो आणि दोष फणसाला लागतो.

लाकूड घनफुटावर मिळतं आणि इथेच गिऱ्हाईक गोंधळतं. हिशेब असा: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. सहा बाय अडीचचा साधा दिवाण घ्या. तीन बाय तीन इंचांचे दीड फुटी चार पाय, चार इंच रुंद आणि दीड इंच जाड अशा चौकटीच्या चार पट्ट्या, वर तीन इंची, पाऊण इंच जाडीच्या दहा आडव्या पट्ट्या. पायांना ०.३७५ घनफूट, लांब पट्ट्यांना अर्धा, आखूड पट्ट्यांना पाव घनफुटाला थोडं कमी, आडव्या पट्ट्यांना सुमारे ०.४. एकूण दीड घनफूट. रंध्यात आणि कापण्यात जाणारी घट धरून दोन घनफूट मागवावं. म्हणजे दिवाणाची किंमत मुख्यतः लाकडाची नसून मजुरीची आणि पॉलिशची असते. हे कळलं की ‘सागाचा घ्या, फणसाचा नको’ या सल्ल्याला किती मान द्यायचा ते ठरवता येतं. दोन घनफुटांत सागाने वाढणारी रक्कम पेलण्यासारखी असते. डबल बेड आणि कपाटात ती अंगावर येते. सांधे मात्र नुसत्या खिळ्याचे नकोत. एका तुकड्याची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवलेला सांधा मागावा आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी.

शहरातल्या दुकानात ‘मलेशियन’ म्हणून मिळणारे जेवणाचे सेट बहुधा रबराच्या लाकडाचे असतात. चीक देऊन थकलेली झाडं पंचवीस-तीस वर्षांनी तोडतात, त्यांचंच हे लाकूड. दिसायला स्वच्छ, किमतीला बरं. बोरॅक्सची प्रक्रिया नीट झालेली नसेल तर भुंगा आणि बुरशी दोन्ही लागतात, म्हणून पडवीत ते ठेवू नये.

लोखंडाचं काय? गोदरेजने १९२३ साली पोलादी कपाटं बनवायला सुरुवात केली आणि मराठी मध्यमवर्गात लग्न, कपाट आणि भिंतीचा कोपरा यांचं नातं जुळलं. कंपनीचं जुनं कपाट आजही चाळीस-पन्नास वर्षं वापरात दिसतं, याचं रहस्य नावापेक्षा पत्र्याच्या जाडीत आहे. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो: १८ गेज साधारण १.२ मिलिमीटर, २० गेज ०.९, २२ गेज ०.७. गावोगावच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत मिळणारं स्वस्त कपाट २२ किंवा त्याहून पातळ असतं. खाऱ्या हवेत पातळ पत्र्याला गंज खालून चढतो, कारण फरशी पुसतानाचं पाणी तळाशी राहतं. कपाटाला चार इंचांचं स्टँड करून घ्यावं आणि स्प्रेच्या रंगाऐवजी पावडर कोटिंग मागावं. चौकोनी पाइपचा पलंग करून घेताना पाइपांची तोंडं बंद आहेत ना ते बघावं. उघड्या तोंडातून खारी हवा आत जाते आणि पलंग आतून कुजतो, बाहेरून रंग तसाच असतो. एवढी काळजी घेतली तर भाड्याच्या खोल्यांसाठी लोखंडी पलंग आणि त्यावर प्लाय हे दर पावसाळी सगळ्यांत कमी खर्चाचं झोपणं आहे. गावातल्या खोल्यावाल्यांनी समुद्रातून ओल्या कपड्यांनी थेट पलंगावर बसणारे पाहुणे पाहिले आहेत. लाकडी कोरीवकाम करायला कोणी गेलं तर ते त्याला हसतील.

प्लास्टिकच्या खुर्चीला नाकं मुरडणाऱ्यांशी माझं पटत नाही. एकाच साच्यात ओतलेली खुर्ची जगभर पसरली ती १९७२ मध्ये आँरी मासोने या फ्रेंच माणसाने तिचं उत्पादन स्वस्त केल्यावर. भारतात नीलकमलसारख्या कंपन्यांनी ती घरोघर पोचवली. सहा खुर्च्या एकावर एक रचल्या की एकीच्या जागेत मावतात, धुऊन निघतात, सत्यनारायणाला शेजारीही नेतात. छोट्या घरात सोफ्याला एवढा चोख पर्याय दुसरा नाही. तिचा शत्रू फक्त ऊन. सतत उन्हात राहिली की ती पांढरट पडते आणि एके दिवशी जड पाहुण्याखाली पाय फाकते. वजनाला भरलेली, हातांखाली पट्टी दिलेली घ्यावी. सर्वांत हलकी सर्वांत स्वस्त असली तरी ती दोन उन्हाळ्यांची सोबती.

बांबूबद्दल उत्साहाने लिहिलं जातं आणि निम्मं खरं असतं. कोकणातला माणगा हा बांबू जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे खुर्ची-टेबलाला तो चांगला. कुडाळला २००४ पासून काम करणाऱ्या कोनबॅक या संस्थेने त्यावर प्रक्रिया करून फर्निचर आणि घरं उभी केली आहेत. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून बांबू काढल्याने वाडीतला बांबू तोडणं-नेणं सोपं झालं, आणि २०२५ च्या सप्टेंबरात बांबू-वेताच्या फर्निचरवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला, तर लाकडी आणि लोखंडी फर्निचरवर तो १८ टक्के आहे. पण प्रक्रिया न केलेला बांबू भुंग्याचं आवडतं खाद्य. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवलेला आहे का, हे न विचारता रस्त्याकडेचा मोहक सेट घेतला तर पहिल्या पावसाळ्यानंतर त्याखाली पिवळ्या पिठाचे ढीग सापडतात.

घ्यायचं कुठून? बोर्ली पंचतन, म्हसळा, श्रीवर्धन ही जवळची बाजारपेठ, मोठी खरेदी माणगाव-महाडला. इथे भाव थोडा जास्त वाटतो, पण बिजागरी तुटली तर माणूस येतो. हा ‘येतो’ पैशांत मोजायला हवा. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात तोच माल स्वस्त मिळतो, मात्र छोटा हत्ती करून आणायचा खर्च, रस्त्यात बसलेले धक्के आणि परत द्यायची अडचण मिळून फरक बराच वितळतो. दोन-तीन शेजाऱ्यांनी एकत्र मागवलं तरच ते जमतं. आंबा-नारळ मुंबईला पोचवून रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोत भाडं कमी पडतं. मासळीच्या गाडीत मात्र सोफा आणू नये.

तुर्भ्याला डिसेंबर २०२० मध्ये आयकिया सुरू झाल्यापासून नव्या मुंबईतल्या चाकरमान्यांच्या घरात सपाट खोक्यांतलं फर्निचर आलं आणि तिथून गावीही येऊ लागलं. सुटे भाग पाठवून गिऱ्हाइकाने जोडायचं ही कल्पना स्वीडनची म्हणून सांगितली जाते, पण व्हिएन्नाच्या थोनेटची १८५९ ची चौदा नंबरची खुर्ची सहा तुकड्यांची होती आणि एक घनमीटरच्या पेटीत अशा ३६ खुर्च्या मावत. खोक्यातलं फर्निचर कोकणासाठी खरं तर सोयीचं, कारण अरुंद पाखाडीतून आणि बुटक्या दारातून पलंग आत जात नाही, खोका जातो. फक्त खोक्यात काय आहे ते पाहावं: पाइन किंवा लोखंड असेल तर आणावं, भुशाचा बोर्ड असेल तर तो मुंबईच्या घरातच बरा. ऑनलाइन दुकानांचंही तेच. पोचवण्याचा खर्च, जोडणारा कारागीर दिवेआगरपर्यंत येणार का, आणि परतीची गाडी येते का, हे तिन्ही पैसे देण्याआधी विचारून घ्यावं.

जुना माल हा कोकणाचा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत दुर्लक्षित पुरवठा. मुंबईत नवं आलं की जुनं गावी पाठवायचं ही गिरणगावाची रीत. तिथल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांची खोली होती. पुनर्विकासात ५०० फुटांचं घर मिळतं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. त्या १६० फुटांसाठी घडवलेल्या वस्तू, म्हणजे अरुंद कपाटं, खणांचे दिवाण, घडीची टेबलं, गावातल्या दोन खोल्यांत नेमक्या बसतात. जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात आणि पुण्यात जुन्या बाजारात भरीव सागाचं फर्निचर नव्या बोर्डाच्या भावात सापडू शकतं. ते घेताना खण उलटा करून टिचकी मारावी, बारीक गोल भोकं आणि ताजं पीठ दिसलं तर सोडून द्यावं. भोकं जुनी, पीठ नाही, तर रॉकेल किंवा कीडनाशक लावून उन्हात ठेवून वापरता येतं. भुंगा लागलेला एक पलंग घरात आणला तर भुंगा शेजारच्या चौकटीपर्यंत जातो, हे लक्षात ठेवून अंगणातच तपासणी करावी.

हप्त्यांबद्दल थोडक्यात. ‘बिनव्याजी’ हप्त्यात व्याज सहसा प्रक्रिया शुल्कात किंवा न मिळालेल्या रोखीच्या सवलतीत लपलेलं असतं. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर आक्षेप घेतला होता. रोख भाव वेगळा विचारावा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहावेत. पक्कं बिल घ्यावं, त्यात ‘सागवान’, ‘मरीन प्लाय’, ‘२० गेज’ जे काही तोंडी सांगितलं ते लिहून घ्यावं. बिलात लिहिलेलं नसेल तर पुढे भांडायला जागा नाही. असेल तर १९१५ हा ग्राहक मदत क्रमांक आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. वस्तू उल्हासनगरची असली तरी तक्रार अलिबागला चालते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही.

हातात पंचवीस-तीस हजार असतील तर मी ते सगळीकडे थोडेथोडे वाटणार नाही. सगळ्यांत आधी झोपण्याची वस्तू, कारण माणूस तिच्यावर दिवसाचे आठ तास असतो: फणसाचा किंवा पाइपचा दिवाण, खाली खण, वर काथ्याची गादी. खणाला मागच्या बाजूने हवेसाठी भोकं हवीत. मग कपाट, २० गेजचं लोखंडी किंवा भिंतीतलं. मग चार रचता येणाऱ्या खुर्च्या आणि भिंतीला बिजागरीने लावलेलं, पाडून वापरायचं टेबल, ज्यावर जेवण, अभ्यास आणि भाजी निवडणं तिन्ही होतं. सोफा नाही. दिवाणावर लोड टाकले की पाहुण्याला सोफाच वाटतो, आणि नाही वाटला तर पाहुणा उद्या जाणारच आहे. खोल्या भाड्याने देणाऱ्याने कपाटाऐवजी भिंतीला खुंट्या आणि बॅग ठेवायचा कट्टा द्यावा. दोन दिवसांसाठी येणारा माणूस कपाट उघडत नाही, पण बंद कपाटाचा कुबट वास त्याला दारातच लागतो. बंद घरवाल्याने गादी आणि उशा मे महिन्यात उन्हात टाकून, दोरीने बांधून, जमिनीपासून उंच ठेवाव्यात, आणि जुलैत कोणाला तरी चावी देऊन एक दिवस दारं-खिडक्या उघडायला सांगावं.

सुताराला काम कधी सांगायचं हाही खर्चाचाच भाग आहे. श्रावणात तो मखरांच्या आणि दुरुस्तीच्या कामात असतो आणि लाकडात ओल भरलेली असते. दिवाळी झाली की वाळलेल्या फळ्या दाखवून मोजमाप द्यावं, निम्मे पैसे हातावर ठेवावेत, पॉलिश होळीच्या आसपास करून घ्यावं, म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हात ते कडक वाळतं. उरलेले पैसे खण दहादा उघडून-मिटून बघितल्यावर.